वकिलातीसमोरचा फूटपाथ

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

मुंबई विमानतळाच्या टी-टूच्या बाहेर नवऱ्याच्या आधी आण्णांची पांढरी टोपी दिसली. मी लांबूनच हात केला, तर त्यांनी हात हलवायच्या ऐवजी मनगटावरचं घड्याळ वर करून दाखवलं. "विमान बावीस मिनिटं लेट. आणि उतरल्यापासून बाहेर यायला तुला एक तास नऊ मिनिटं." माझे सासरे सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात टाइमकीपर होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण हजेरी घ्यायची सवय काही सुटलेली नाही. नवरा त्यांच्या मागे उभा राहून हसत होता. आम्ही अकरा महिन्यांनी भेटत होतो आणि मधोमध आण्णा उभे, त्यामुळे "प्रवास बरा झाला ना?" यापुढे आमचं बोलणं गेलं नाही.

दोघं रात्रीच्या महालक्ष्मीनं आले होते. बरोबर दोन पिशव्या भडंग, एक हळदीचं पुडकं आणि कागदांची सुटकेस. मुक्काम कुर्ल्याच्या नेहरूनगरात, नवऱ्याच्या मावशीकडे. गुरुवारी, ६ तारखेला, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत नवऱ्याची इमिग्रंट व्हिसाची मुलाखत. त्यासाठी हा सगळा लवाजमा.

"तुला आत सोडणार नाहीत, मग कशाला जातेस?" असं आई न्यू जर्सीहून निघताना म्हणाली होती. तिचं चुकत नव्हतं. अमेरिकेची नागरिक मी, नवऱ्यासाठी अर्ज माझा, जबाबदारीच्या कागदांवर सह्या माझ्या. पण मुलाखत त्याची, आणि मी तिथे असायलाच हवी असा काही नियम नाही. नोव्हेंबरमध्येच नव्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू झालेली मी, पगारी रजा कुठली? दोन आठवडे बिनपगारी काढून आले. दहा हजार किलोमीटरच्या पलीकडे रात्रभर फोनकडे बघत बसण्यापेक्षा दाराबाहेर बसलेलं बरं, एवढाच हिशेब.

लग्न डिसेंबर २०२२ मध्ये मिरजेत झालं. लगेच जानेवारीत मी आय-१३०, म्हणजे नवऱ्यासाठीचा पहिला अर्ज, भरला. तेव्हा त्याची फी ५३५ डॉलर होती. मागच्या एप्रिलपासून कागदावर भरला तर ६७५ झाली. मग चौदा महिने काही नाही. मग मंजुरी, मग केस न्यू हॅम्पशरच्या नॅशनल व्हिसा सेंटरला, तिथे ३२५ आणि १२० अशा आणखी दोन फिया, डीएस-२६० हा व्हिसाचा लांबलचक ऑनलाइन अर्ज, आणि एकेक दाखला स्कॅन करून चढवणं. माझ्या बॅगेला विमानवाल्यांनी लावलेल्या चिठ्ठीवर बीओएम लिहिलंय आणि आमच्या केस नंबरची सुरुवात बीएमबीनं होते. आण्णांनी टॅक्सीत दोन्ही वाचलं. "पंच्याण्णव साली मुंबई केलं की नाव. ह्यांना कुणी कळवलं न्हाई का?"

उशीर झाल्याचा एक फायदा मात्र आहे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत शिरलं तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, तेही अटींसह मिळतं आणि मग पुन्हा अर्ज करा, पुन्हा संसाराचे पुरावे द्या. आमची दोन वर्षं डिसेंबरात उलटली. म्हणजे कार्ड थेट दहा वर्षांचं. मिळालं तर.

रविवार, २ फेब्रुवारी

जेट लॅगमुळे पहाटे तीनलाच टक्क जागी. स्वयंपाकघरात आण्णा आधीच चहा करत होते. "आज वकिलात बघून येऊ," म्हणाले. मी म्हटलं, आण्णा, रविवारी बीकेसीत काय बघायचं? तर म्हणे, "बीकेसी नव्हे. खरी वकिलात. ब्रीच कँडीची."

वकिलात तिथून २०११ मध्येच हलली हे त्यांना ठाऊक होतं. तरी जायचंच होतं. मेगाब्लॉक सांभाळत दादर, तिथून महालक्ष्मी, मग टॅक्सी. भुलाभाई देसाई रस्त्यावरचा तो समुद्राकाठचा बंगला मुळात वांकानेरच्या महाराजांचा. अमेरिकनांनी १९५७ मध्ये भाड्यानं घेतला आणि त्याला लिंकन हाऊस नाव दिलं. २०१५ मध्ये साडेसातशे कोटींना विकला गेल्याची बातमी आली तेव्हा आण्णांनी कात्रण कापून ठेवलं होतं. फाटक बंद होतं. आण्णा समोरच्या फूटपाथवर जाऊन एका ठरावीक जागी उभे राहिले, मग दोन पावलं डावीकडे सरकले, मग म्हणाले, "हितं."

१९८८ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी व्हिसा मागायला इथे आला होता. आण्णा सोबतीला. "पहाटे चारला रांगेत. मी पलीकडं. ऊन चढलं तशी छत्री उघडली, तर पोलिसानं मिटायला लावली. आकरा वाजून दहा मिनिटांनी आला बाहेर. लांबूनच कळलं, चालण्यावरनं."

"मग?"

"मग काय. इराण्याकडं गेलो. ब्रून मस्का खाल्ला दोघांनी."

पुढे काही बोलले नाहीत. समुद्राकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, शुभशकुन म्हणून मला इथे आणलं असावं: इथे उभं राहिलं की काम होतं, असं काहीतरी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मावशींच्या हॉलमध्ये सतरंजीवर संसार मांडला. म्हणजे कागदांचा.

जन्मदाखल्याची वेगळी कथा आहे. नवरा १९९० चा. त्याच्या मूळ नोंदीत आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, लिंग सगळं आहे, फक्त बाळाच्या नावाची जागा कोरी. आपल्याकडे हे सर्रास असायचं. बारशाच्या आधी नोंद व्हायची आणि नंतर नाव घालायला कोण जातंय? शाळेत नाव सांगितलं की झालं. पण अमेरिकनांना दाखल्यावर नाव हवं. आण्णांनी शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र वगैरे घेऊन चार फेऱ्या मारल्या आणि तेहतिसाव्या वर्षी मुलाचं नाव सरकारी वहीत चढवलं. "दुसरं बारसं," मावशी म्हणाल्या.

मग पोलीस क्लिअरन्स, लग्नाचा दाखला, माझ्या नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटची प्रत, आय-८६४, टॅक्सचे कागद. आय-८६४ म्हणजे हा माणूस सरकारच्या गळ्यात पडणार नाही, मी पोसेन, असं बायकोनं लिहून द्यायचं. आमच्यासारख्या दोघांच्या कुटुंबाला उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट लागतं. आण्णांना हा कागद फार आवडला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचून काढला आणि बायकोला म्हणाले असते तसं मावशींना म्हणाले, "बघा, सून जामीन ऱ्हायलीय."

नातं खरं आहे याचे पुरावे ही या सगळ्यातली सर्वांत अवघड गोष्ट. लग्नाचे फोटो, मी आलेल्या तीन खेपांची तिकिटं, पैसे पाठवल्याच्या पावत्या. आणि व्हॉट्सॅप. नवऱ्यानं दर महिन्यातलं एक पान छापून आणलं होतं. मी वाचत गेले. मार्च २०२३: "जेवलीस का?" "नाही अजून. तू?" "जेवलो." ऑगस्ट: "जेवलीस का?" "डबा उघडतेय. तू?" "जेवलो. वांगं." दोन वर्षांचा पत्रव्यवहार, आणि त्यात प्रेम हा शब्द नाही. त्याचं रात्रीचं जेवण झालं की माझी दुपारच्या डब्याची वेळ व्हायची, तेव्हा तेच विचारलं जायचं. आता अमेरिकन अधिकाऱ्याला हे कसं कळायचं?

"कळतंय की," आण्णा म्हणाले. "रोज विचारलंय म्हणजे कळतंय."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बोटांचे ठसे आणि फोटो. वीस मिनिटांचं काम. जाण्यायेण्यात तीन तास.

मेडिकल मात्र त्यानं आधीच उरकलं होतं, १३ जानेवारीला, आण्णांना घेऊन. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी आणि लशी. वकिलातीनं नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच जावं लागतं, आपला फॅमिली डॉक्टर चालत नाही. त्याला दोन्ही दंडांवर सुया टोचल्या: गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात-घटसर्प, कांजिण्या. "चौतीस वर्षांच्या घोड्याला बाळाचं लसीकरण," हे आण्णांचं त्यावरचं मत. दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे तो दिवस भोगीचा. घरी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी वाट बघत होती आणि हे दोघं दवाखान्याच्या बाकावर. त्याचं एक्स-रेला नाव पुकारेपर्यंत आण्णांनी काउंटरवरच्या मुलीला म्हणे इतके प्रश्न विचारले, की शेवटी तिनेच यांना चहा दिला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आजचा दिवस टीव्हीनं खाल्ला. अमेरिकेचं लष्करी विमान बेकायदा गेलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. प्रत्येक चॅनेलवर तेच विमान, तीच धावपट्टी. संध्याकाळपर्यंत हातकड्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. आमचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आमचे कागद सरळ, रस्ता सरळ. हे मी नवऱ्याला तीनदा सांगितलं, म्हणजे मलाच सांगत होते. मावशींनी न बोलता मालिका लावली. आण्णांनी रिमोट घेऊन पुन्हा बातम्या लावल्या.

"त्या पोरांच्या घरी कळलं आसंल का आज येणार म्हणून?" त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

रात्री नवरा प्रश्नांची तयारी करत होता. पहिली भेट कुठे? मिरजेला, चुलत बहिणीच्या हळदीला. कुणी कुणाला विचारलं? इथे आमचं दोन वर्षांपासून एकमत नाही. शेवटी मी म्हटलं, पाठ करू नकोस. जे आहे ते सांग.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहाटे साडेचारला सगळे उठले. मावशींनी देवापुढे साखर ठेवली. नेहरूनगरहून रिक्षा. उजाडताना बीकेसी विचित्र दिसतं: काचेच्या इमारती, धुतलेले रस्ते, आणि मधूनच मिठी नदीचा वास येतो; इथे पूर्वी दलदल होती हे तो वास विसरू देत नाही. हिरे बाजाराकडे जाणाऱ्या लोकांची वर्दळ अजून सुरू व्हायची होती. वकिलातीच्या बाहेर मात्र माणसं आधीच उभी होती. प्रत्येकाच्या हातात पारदर्शक फोल्डर, प्रत्येकाचे केस नीट विंचरलेले.

आत फोन चालत नाही, बॅग चालत नाही. नवऱ्यानं फोन, पाकीट, घराच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. पट्ट्याकडे बघून घुटमळला, तो राहू दे म्हटलं. रांग पुढे सरकली. त्यानं मागे वळून बघितलं ते माझ्याकडे नाही, आण्णांकडे. आण्णांनी घड्याळ वर केलं.

"सात बेचाळीस," ते म्हणाले आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहिलं.

दारासमोर थांबू देत नाहीत. पुढे जा, पुढे जा. थोड्या अंतरावर फूटपाथच्या कडेला झाडाखाली बसलेल्यांचं एक गावच होतं. चहाचा थर्मास सायकलला लावून एक भय्या फिरत होता. आम्ही कठड्यावर पेपर पसरून बसलो. आणि मग काही करायला उरलं नाही.

माझ्या एका हातात माझा फोन, दुसऱ्या हातात त्याचा. साडेआठला त्याच्या फोनचा गजर वाजला, कुपवाडला कामावर निघायचा. बंद केला. मग त्याच्या कारखान्याच्या ग्रुपवर कुणीतरी तुटलेल्या बेअरिंगचा फोटो टाकला. त्याला फोन लावावा असं मला इतक्यांदा वाटलं, आणि दर वेळी लक्षात आलं की त्याचा फोन माझ्याच मांडीवर आहे.

शेजारी एक मुलगी बसली होती. तिच्याजवळ तीन फोन. आणंदची. आईवडील आणि धाकटा भाऊ आत गेले होते. मामानं अमेरिकेतून बहिणीसाठी अर्ज भरला तो २००६ मध्ये. भावंडांच्या रांगेतला भारताचा नंबर यंदा आता कुठे त्या वर्षापर्यंत पोहोचलाय. अर्ज भरला तेव्हा ही आठ वर्षांची, आईच्या अर्जात तिचंही नाव होतं. आता सत्तावीस. एकवीस उलटले की मूल मूल राहत नाही. वयातून काही काळ वजा करायची तरतूद आहे, पण तिला ती पुरली नाही. नंबर लागला तेव्हा ही त्यातून गळली.

"तो आप?" आण्णांनी विचारलं.

"मैं यहीं. घर तो किसी को देखना है ना, अंकल."

नागरिकाच्या नवऱ्याबायकोला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, म्हणून आमची रांग दोन वर्षांची. त्या दोन वर्षांबद्दल मी न्यू जर्सीत किती जणांपुढे रडले होते ते आठवून मान खाली घातली. आण्णांनी पिशवीतून भडंग काढलं, पेपरच्या तुकड्यावर ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. "खा. सांगली का है. लसूण है इसमें." तिनं एक घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं असेल.

दहा वाजले. आत गेलेल्यांतले काही बाहेर यायला लागले. फूटपाथवरचे तज्ज्ञ लांबूनच निकाल सांगत होते: हातात पासपोर्ट नसेल तर काम झालं, ठेवून घेतला, पासपोर्ट घेऊन आला तर गडबड. प्रत्येक फोल्डरवाल्याकडे मी आधी हातांकडे बघायला शिकले, मग चेहऱ्याकडे.

आण्णा मध्येच म्हणाले, "इराण्याकडं ब्रून मस्का खाल्ला, तेवढंच सांगितलं तुला परवा."

मी वळून बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"तो सप्टेंबरात गेला. आठ्ठ्याऐंशीच्या. तेव्हापासनं चार वेळा आलाय. चार. एकदा तात्या गेले तेव्हा, ते पण दहाव्याला पोचला. त्याची चूक न्हाई. रजा मिळंना, तिकीट मिळंना, मग पोरांच्या शाळा. चांगलं चाललंय त्याचं. पण त्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा मी काय पळत सुटलो होतो गं. रस्ता न बघता. टॅक्सीवाल्यानं आई-बापावरनं शिवी दिली."

मी काय बोलणार? माझे आईवडील मला चौदाव्या वर्षी कराडहून घेऊन गेले, तेव्हा माझी आजीही अशीच कुठेतरी बाहेर बसली असणार. मला कधी विचारायचं सुचलं नाही. सकाळपासून आम्ही दोघं एकाच कठड्यावर एकाच माणसाची वाट बघत होतो, आणि मला वाटत होतं की आमची भीतीही एकच आहे.

त्यांनी घड्याळ बघितलं. "तीन तास एकतीस."

अकरा सव्वीसला तो बाहेर आला. हातात पासपोर्ट नव्हता, पण एक कागद होता. चालण्यावरून मला काही कळलं नाही. आण्णांनाही कळलं नसावं, कारण ते उठून उभे राहिले आणि तिथेच थांबले.

"तसं चांगलं झालं," तो म्हणाला. "तसं" म्हटल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला.

उजवा हात वर करून खरं बोलेन अशी शपथ, पुन्हा बोटांचे ठसे. अधिकारी तरुण बाई होती. पहिली भेट, लग्नाला किती माणसं, बायको किती वेळा आली. व्हॉट्सॅपची पानं चाळून तिनं विचारलं, हे दर पानावर काय लिहिलंय? तर यानं सांगितलं, आय ॲम आस्किंग, डिड यू ईट. ती हसली म्हणे. मग तिनं विचारलं, बायको कुठे काम करते? यानं जे आहे ते सांगितलं. नव्या हॉस्पिटलचं नाव. आणि तिच्या समोरच्या आय-८६४ वर होतं जुन्या हॉस्पिटलचं, कारण तो कागद मी सप्टेंबरात भरला होता आणि नोकरी बदलली नोव्हेंबरात. नवं पत्र, नव्या पगाराच्या स्लिपा आणि नव्यानं भरलेला आय-८६४ सोबत न्यावा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्यांचे रिपोर्ट दोनदा तपासायचा पगार घेते मी.

पासपोर्ट तिनं ठेवून घेतला आणि ही २२१(जी) ची चिठ्ठी दिली. अमुक कागद द्या, मग बघू.

"पासपोर्ट ठेवलाय न्हवं?" आण्णांनी विचारलं. "मग झालं की." आणि वहीत आत गेल्याच्या वेळेसमोर बाहेर आल्याची वेळ लिहिली.

आणंदच्या मुलीचे घरचे तोवर आले नव्हते. उरलेलं भडंग पिशवीसकट तिच्याजवळ ठेवून आम्ही निघालो.

शुक्रवार ७ ते रविवार ९

संध्याकाळी साडेसात म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. गुरुवारीच एचआरला फोन लावला. बाई गोड होती, म्हणाली पाठवते. शुक्रवारी रात्री साडेअकराला पत्र आलं, त्यात माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. पुन्हा फोन. दीड वाजता दुरुस्त पत्र आलं.

केसच्या स्टेटसची वेबसाइट मी शुक्रवारी सकाळी उघडली होती. तिथे लिहिलं होतं: रिफ्यूज्ड. २२१(जी) दिली की नुसते कागद बाकी असले तरी तिथे हाच शब्द येतो. हे मला माहीत होतं, तरी हात गार पडले. आण्णांपासून फोन लपवायच्या आत त्यांनी वाचलं. त्यांचं इंग्रजी हजेरीपटापुरतं, पण तेवढा शब्द येत होता. मी घाईघाईनं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत बसले. मावशी म्हणाल्या, सकाळी घातलंय मी.

सोमवार, १० फेब्रुवारी

नेहरूनगरच्या झेरॉक्सवाल्याकडे आय-८६४ नव्यानं छापला, सह्या केल्या, पगाराच्या स्लिपा, पत्र, आणि नुकताच आलेला २०२४ चा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, लावला. झेरॉक्सवाल्यानं स्टेपल करता करता एकेक पान वाचलं आणि विचारलं, "वहिनी, तिकडे घरभाडं किती आहे हो?" चिठ्ठीवर सांगितल्याप्रमाणे कागद नेऊन दिले. पावती आण्णांनी सुटकेसच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

मंगळवार ११ ते गुरुवार १३

रिफ्यूज्ड. रिफ्यूज्ड. बुधवारी रात्री दोनला वेबसाइट बंद, दुरुस्ती चालू. गुरुवारी पुन्हा रिफ्यूज्ड, फक्त खालची तारीख बदललेली. तारीख बदलली म्हणजे कुणीतरी फाइल उघडली, असं नवरा म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक पंख्याच्या वेगावरून. आण्णा सांगलीला परत जाणार होते, गेले नाहीत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मी तांदूळ निवडत होते. नवरा आतल्या खोलीतून आला, काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. इश्यूड.

मावशींनी देवापुढची साखर वाटली. मी रडले, हसले, आईला उठवलं. तिकडे पहाटेचे पावणेपाच. आता अमेरिकन सरकारला कार्ड छापायचे आणखी २३५ डॉलर भरायचे होते, तेही त्या दिवशी खुशीनं भरले असते.

आण्णांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ह्यो शब्द चांगला का?"

"चांगला, आण्णा. व्हिसा झाला."

"बरं." त्यांनी फोन परत दिला. "चांगलं झालं." मग चप्पल घालून खाली गेले आणि पाऊण तासानं अर्धा किलो पेढे आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतला ब्रून पाव घेऊन आले. मावशींनी विचारलं, पाव कशाला? तर म्हणाले, असू दे. संध्याकाळी चहाबरोबर त्यांनी तो एकट्यानं खाल्ला, भरपूर लोणी लावून.

रविवार, १६ फेब्रुवारी

रात्रीचं विमान. पासपोर्ट अजून हातात यायचाय, मेसेज आला की नवरा जाऊन आणेल. तो माझ्याबरोबर येत नाहीये. कारखान्यात नोटीस द्यायची आहे, शिवाय तिकिटाचे पैसे जमवायचेत. एप्रिलचं तिकीट बघू असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

बॅगेत मावशी हळद भरत होत्या. नवरा टॅक्सी बघायला खाली गेला होता. आण्णा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता बोलले.

"एक विचारू? तो पाडवा करून गेला तर चालंल का?"

पाडवा ३० मार्चला. मी म्हटलं, चालेल की आण्णा, एप्रिलमध्येच निघायचंय त्याला.

"हां. म्हणजे घाई न्हाई." जरा थांबले. "ती काउंटरवरची पोरगी म्हणाली होती, मेडिकल सहा महिने चालतंय. व्हिसा तवर असतोय म्हणे."

"हो, साधारण तसंच."

"तेरा जानेवारीला झालंय. म्हणजे तेरा जुलै धर." त्यांनी बोटांवर मोजलं, जरी ते केव्हाच मोजून झालेलं असणार. "आषाढी सहा जुलैला हाय यंदा. पंढरपूर करून गेला तर बसतंय बघ. सात दिवस उरत्यात."

खालून नवऱ्यानं हाक मारली, टॅक्सी आली म्हणून. मी आण्णांना म्हटलं, मी बोलते त्याच्याशी. ते उठले, माझी बॅग उचलायला वाकले आणि म्हणाले, "आठ चाळीस झाले. चल."